फट म्हणता

'फट म्हणता ब्रह्महत्या' या म्हणीतला 'फट' म्हणजे तोंडातून सुटलेला एक क्षुल्लक उच्चार. दोन दगडांमधल्या फटीशी त्याचे नाते नाही. तरीही आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या अंगणात जे घडले ते पाहता, हे नाते कोणी तरी जोडून द्यावे असे आम्हां दोघांनाही वाटू लागले आहे.

मराठीला फट आवडत नाही. फट राहिली, फट पडली, फटीतून पाहिले; या शब्दाभोवती एक तर निष्काळजीपणा असतो, नाही तर चोरटेपणा. गवंड्याची 'दरज'सुद्धा 'भरायची'च असते. 'सांधा' आला संस्कृत 'संधी'वरून, आणि व्याकरणातल्या संधीत दोन वर्ण एकमेकांत विरघळतात. उघड्यावरच्या फरशीत जो सांधा मुद्दाम राखावा लागतो, तो याच्या अगदी उलट वागतो. त्याचे काम दोघांना वेगळे ठेवण्याचे.

आमचे अंगण १२ मीटर लांबीचे, शहाबादी फरशीचे. हा चुनखडक कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादचा. १९५६च्या राज्य पुनर्रचनेत तो मुलूख म्हैसूर राज्यात गेला आणि आम्ही मुंबई राज्यात, पण निजामी काळापासूनची ही फरशी मराठवाड्याच्या ओट्यांवर आहे तशीच राहिली. काम करणारे वयस्क मिस्त्री, ज्यांना सगळे चाचा म्हणत, त्यांनी दर तीन मीटरवर बोटभर पट्टी मोकळी सोडली, भिंतीलगतही सोडली. कार्यकारिणीतल्या एका सद्गृहस्थांनी जाब विचारला, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "फत्तर कू बी हिलने कू जागा होना ना, साब." हे उत्तर उद्धटपणाचे ठरले. काम अर्धवट असा शेरा मारून त्यांचा शेवटचा हप्ता अडवला गेला, आणि दुसऱ्या माणसाकडून त्या पट्ट्या सिमेंटने लिंपून घेण्यात आल्या.

चाचांच्या वाक्यामागचे गणित शाळकरी आहे. दगडाच्या जातीनुसार तो दर अंश सेल्सिअसला दहा लाखांत साधारण पाच ते दहा भाग वाढतो. आपल्याकडे डिसेंबरची पहाट आणि मे महिन्यातली दुपार यांत तापलेल्या फरशीच्या अंगचा फरक ५० अंश धरला, तर १२ मीटरच्या पट्टीत तीन ते सहा मिलिमीटर वाढ होते. एवढीशी! पण दोन्ही टोकांना भिंत असेल तर ही वाढ वरच जाणार. दोन-दोन फुटांच्या लगतच्या दोन फरशांनी चार मिलिमीटर सामावून घ्यायचे ठरवले, तर मधला सांधा सुमारे पाच सेंटिमीटर उचलला जातो, तंबूसारखा. एप्रिलअखेरीस आमच्याकडे हेच झाले. सकाळी फिरायला निघालेल्या एका निवृत्त शिक्षिका तिथे अडखळून पडल्या आणि त्यांचे मनगट मोडले.

जुन्या वाड्यांत चुना वापरत. तो सिमेंटपेक्षा मऊ, थोडी हालचाल सोसणारा. सिमेंट सोसत नाही, म्हणून त्याच्यासोबत सांधा वेगळा राखावा लागतो, आणि तो फरशीखालच्या मसाल्यातूनही आरपार जावा लागतो. वरवर रेघ मारून भागत नाही. त्यात पूर्वी डांबर आणि वाळू भरत, आता फोमची दोरी दाबून वर रबरासारखे लवचीक सीलंट भरतात. थंडीत फरशी बसवली तर जागा अधिक हवी, कारण पुढे वाढच व्हायची असते. (चाचांनी काम डिसेंबरात केले होते.)

वेरूळचे कैलास लेणे एकाच कातळातले, म्हणून तिथे सांधा नसेल अशी आमच्या काही विद्यार्थ्यांची समजूत असते. प्रत्यक्षात हा बेसाल्ट म्हणजे लाव्ह्याचे थर; निवताना तो आकसला आणि जागोजागी तडकला. अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीचे उभे स्तंभ याच आकसण्याचे. दगडाला जागा दिली नाही तर तो आपली आपण करून घेतो, मग ती आकसण्यासाठी असो वा फुगण्यासाठी.

उचललेल्या फरशा आता काढल्या आहेत. नव्या कामाच्या दरपत्रकात 'प्रसरण सांधे' या नावाने त्याच मोकळ्या पट्ट्यांचे वेगळे पैसे लावलेले आहेत, आणि कार्यकारिणीने ते विनातक्रार मंजूर केले. चाचांचा अडवलेला हप्ता देण्याचा विषय आम्ही दोघांच्या सहीने येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेसाठी दिला आहे. तो नवव्या क्रमांकावर, 'आयत्या वेळचे विषय' यांच्या अलीकडे, घेण्यात आला आहे.