बंद वॉल्व्हवरचा विश्वास

कारखान्यात दुरुस्तीच्या आधी पर्मिट नावाचा कागद भरावा लागतो. कुठली लाइन उघडायची, ती कुणी रिकामी केली, कुणी तपासली, काम किती वाजेपर्यंत चालणार, हे सगळं लिहायचं, सह्या घ्यायच्या आणि मगच पान्याला हात लावायचा. नोकरीची बरीच वर्षं मी या कागदाला साहेबांची कातडी वाचवायची सोय समजत आलो. गळती थांबते ती फिटरच्या हातानं, कागदानं नाही, असं माझं ठाम मत होतं आणि ते मी चारचौघांत बोलूनही दाखवायचो. आता माझं तसं म्हणणं नाही.

ते मत अगदीच बिनबुडाचं नव्हतं, हेही सांगायला हवं. देवासला मी एका उस्तादाच्या हाताखाली काम शिकलो. पाइप जोडणाऱ्या फ्लँजचे बोल्ट समोरासमोरच्या जोड्यांनी, थोडे थोडे करत आवळायचे. जुनं गॅस्केट कितीही धड दिसलं तरी परत वापरायचं नाही. साबणाचं पाणी लावलं की चारी बाजूंनी वाकून फुगा येतो का ते बघायचं. उस्तादांनी आवळलेला जोड गळला असं क्वचितच व्हायचं. त्याच काळात ऑफिसात बसून गठ्ठ्यानं पर्मिटांवर सह्या ठोकणारे इंजिनीअरही मी बघत होतो. भरवसा कुणावर ठेवायचा, याचा मला विचारही करावा लागत नसे.

पहिली शंका आली ती हायड्रोजनमुळे. आमचा मालवा हा सोयाबीनचा मुलूख. तेलाचं वनस्पती तूप करायचं तर हायड्रोजन हवा. औषधांच्या कारखान्यांतही तो दाबाखाली रिअ‍ॅक्टरात सोडतात. घरच्या गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो, इथे तीही सोय नाही, कारण त्या वासाच्या द्रव्यातलं गंधक निकेलच्या कॅटलिस्टला मारून टाकतं. हवेत 4 टक्क्यांपासून 75 टक्क्यांपर्यंत कुठल्याही प्रमाणात हा वायू पेटू शकतो, आणि पेटायला ठिणगी तरी केवढी लागते! अंगावरच्या नायलॉनच्या कपड्यातली वीजही पुरते. ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसतच नाही. जुने लोक पेटलेली गळती शोधायला केरसुणी पुढे धरून चालत. केरसुणी पेटली की तिथे थांबत. शिवाय रेणू इतका बारीक की ज्या वॉल्व्हनं नायट्रोजन धरला तो हायड्रोजन धरेलच असं नाही. ‘बंद है मतलब बंद है’ हे उस्तादांचं ब्रीद. माझा त्यावरचा विश्वास इथे डळमळला.

म्हणून अशा लाइनवर नुसत्या वॉल्व्हवर विसंबत नाहीत. दोन वॉल्व्ह बंद करून मधला तिसरा वर मोकळ्या हवेत उघडतात, म्हणजे पहिल्यातून जे झिरपेल ते दुसऱ्यापर्यंत दाब धरून पोचतच नाही. त्याहून पक्कं काम म्हणजे ब्लाइंड. दोन फ्लँज फाकवून मधे पोलादाची भरीव चकती सारायची. तिचा दांडा बाहेर राहतो, त्यामुळे चकती आहे की नाही हे लांबूनही कळतं. गंमत अशी की ब्लाइंड टाकायलाही जोड उघडावाच लागतो, आणि खरी जोखीम त्या काही मिनिटांचीच असते. त्याआधी दाब उतरवला का, नायट्रोजन पुरेसा फिरवला का, मीटर लावून कुणी पाहिलं? पाना हातात घेतलेल्या माणसाला हे स्वतःच्या हातानं कळत नाही. ते काम दुसऱ्यानं, बहुधा आधीच्या शिफ्टमध्ये, केलेलं असतं.

जानेवारी 2025 मध्ये भोपाळच्या युनियन कार्बाइडचा 337 टन कचरा जाळण्यासाठी आमच्या शेजारी, धार जिल्ह्यातल्या पीथमपूरला आला. लोक रस्त्यावर उतरले, दोघांनी स्वतःला पेटवून घेण्याचा प्रयत्न केला. हे लोक उगाच घाबरतात असं मी घरी म्हणालो, आणि त्याच भरात भोपाळच्या गॅसगळतीबद्दल परत वाचायला घेतलं. या खेपेला मेंटेनन्सवाल्याच्या नजरेनं. 2 डिसेंबर 1984 च्या रात्री तिथे पाइप पाण्यानं धुण्याचं काम चालू होतं. धुण्याआधी ब्लाइंड टाकायचा हा नियम होता. तो टाकला नव्हता. गळक्या वॉल्व्हमधून पाणी विषारी रसायनाच्या टाकीपर्यंत गेलं, असं अनेक अभ्यासक मानतात. कंपनीचं म्हणणं वेगळं: कुणीतरी मुद्दाम टाकीला पाण्याची नळी जोडली. तो वाद बाजूला ठेवला तरी निसटलेला वायू जाळणाऱ्या फ्लेअर टॉवरची जोडणी गंजलेला पाइप बदलायचा म्हणून तोडलेली होती, टाकी गार ठेवणारी यंत्रणा काही महिन्यांपासून बंद होती आणि रात्रपाळीच्या मेंटेनन्स सुपरवायझरची जागा कमी केलेली होती, हे राहतंच. ब्लाइंड टाकायचा कुणी, हे विचारायला त्या रात्री माणूसच नव्हता. यात फिटरच्या हाताचा दोष शोधून सापडेना. पीथमपूरच्या लोकांनाही मी मग हसलो नाही. कोण तपासणार, आम्हाला दाखवणार का, एवढंच ते विचारत होते. चांगल्या पर्मिटात हेच दोन रकाने असतात.

अर्थात नुसता कागद असून भागत नाही. उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेलाच्या फलाटावर 6 जुलै 1988 ला कागद होते, तेही दोन. एका पंपाच्या दुरुस्तीचा एक आणि त्याच पंपाचा सेफ्टी वॉल्व्ह काढल्याचा दुसरा. रात्रपाळीच्या हाती पहिलाच लागला. वॉल्व्हच्या जागी नुसतं झाकण बसवलंय हे त्यांना ठाऊक नव्हतं. दुसरा पंप बंद पडला म्हणून त्यांनी हा चालू केला आणि 167 माणसं गेली.

गॅसच्या विहिरीचं तर आणखी अवघड. लाइनला मागे कुठेतरी वॉल्व्ह असतो. विहिरीच्या तळाशी थेट खडकातला दाब. आसामात बागजानच्या गॅस विहिरीवर 27 मे 2020 ला दुरुस्तीच्याच वेळी स्फोटासारखा वायू उसळला. आत सिमेंटचा बूच टाकला होता, पण तो पुरेसा धरला की नाही याची खातरजमा न करता वरची दाबरोधक यंत्रणा काढली, असं चौकशीत पुढे आलं. विहिरीचा नियम साधा आहे: कायम दोन अडसर, आणि दुसरा तपासून पास झाल्याखेरीज पहिल्याला हात नाही. बागजानला जूनमध्ये आग लागली, ती विझायला नोव्हेंबर उजाडला. ती तर निदान दिसणारी आग होती. आफ्रिकेत मालीमधल्या बुराकेबुगूत 1987 मध्ये पाण्यासाठी खणलेल्या बोअरमधून वायू निघाला आणि सिगारेटनं पेटला. तो जवळपास शुद्ध हायड्रोजन होता हे कित्येक वर्षांनी कळलं. आता अशा विहिरी मुद्दाम शोधताहेत, मिठाच्या भूमिगत पोकळ्यांतही हा वायू साठवताहेत. त्या विहिरींची दुरुस्तीही कुणाला तरी करावी लागेलच.

उस्तादांबद्दलचा आदर तसूभरही कमी झालेला नाही. टेबलावर भरलेल्या पर्मिटाचा रागही तसाच आहे; अशा कागदापेक्षा कोरा बरा, निदान तो खोटं बोलत नाही. मला पर्मिट हवंय ते फ्लँजपाशी उभं राहून, ब्लाइंडचा दांडा हातानं चाचपून भरलेलं, आणि शिफ्ट बदलताना तिथेच दुसऱ्याला वाचून दाखवलेलं. अडचण अशी की फॉर्म अजून इंग्रजीत असतो आणि ठेक्यावरच्या पोरांना मालवी-हिंदीपलीकडे येत नाही. हिंदीत छापा म्हटलं की हेड ऑफिसचा नमुना बदलता येत नाही, असं उत्तर मिळतं. तोवर मी त्यांना तोंडी समजावून सांगतो आणि सही त्यांनी बोट ठेवून रकाना दाखवल्यावरच घेतो. त्यात पाऊण तास जातो आणि प्रॉडक्शनवाले खोळंबून शिव्या घालतात.