सिल्क बोर्डच्या सिग्नलला डेथ मेटल

30 ऑक्टोबर 2011. बंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर आम्ही सगळे जमलो होतो ते मेटॅलिकासाठी. दोनच दिवस आधी गुडगावचा त्यांचा कार्यक्रम ऐनवेळी रद्द झाला होता आणि चिडलेल्या लोकांनी तिथे मोडतोड केली होती. त्यामुळे इथे तरी होतोय की नाही, ही धाकधूक. अशा गर्दीपुढे आधी वाजवायला उभं राहायचं म्हणजे श्रीखंडाची वाट बघणाऱ्या पंगतीत कोशिंबीर वाढायला जाण्यासारखं. ते काम ज्यांच्या वाट्याला आलं, त्यांत बंगळुरूचाच 'इनर सँक्टम' होता. 2007 साली, म्हणजे आयर्न मेडननं याच मैदानात भारतातला पहिला कार्यक्रम केला त्या वर्षी सुरू झालेला बँड.

पोरांनी गर्दी हलवली, हे खरं. पण उघड्या मैदानात सगळं एकमेकांत मिसळतं. दुहेरी पेडलचा बास ड्रम कानांपेक्षा बरगड्यांत जास्त वाजतो आणि गिटारचे बारकावे वाऱ्यावर जातात. म्हणून मी त्यांच्या अल्बमची वाट बघत राहिलो. 'लीजन्स अवेक' आला 2015मध्ये. आठ वर्षांनी! फ्लोरिडाच्या 'डेथ' या बँडचा पहिला अल्बम 1987मध्ये आला तेव्हा त्यांचा गायक-गिटारवादक चक शुल्डिनर नुकता वीस वर्षांचा झाला होता. आपल्याकडे मेटल वाजवणारे बहुतेकजण दिवसा नोकरी करतात आणि स्टुडिओचे तास स्वतःच्या खिशातून भरतात. मग अल्बमला उशीर झाला असं तरी कोणत्या तोंडानं म्हणायचं?

पुढे मिरजेहून आत्या आली होती, तिला गाडीतून नेत होतो. बंगळुरूच्या सिल्क बोर्ड चौकात नेहमीसारखे अडकलो. मी अल्बम लावलेला, आवाज अर्थातच बेतानं. आत्याचा कान किराणा घराण्याच्या गायकीत वाढलेला. दोन गाणी मुकाट्यानं ऐकली आणि म्हणाली, "अरे, ह्याचा घसा बसत नाही का?"

"नाही गं. मुख्य स्वरतंतूंवर सगळा भार नसतो. त्यांच्या वर जे पडदे असतात, ते थरथरवून तो खर्ज काढतात. त्याचाही रियाज लागतो. चुकीचा केला तर बसतोच घसा."

"मग गुरू कोण?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. बहुतेकजण कॅसेटी आणि सीडी ऐकून शिकलेले. ती पुन्हा ऐकायला लागली. सिग्नल सुटेसुटेपर्यंत तिची बोटं मांडीवर चालू होती. "ढोलवाला मात्र लयीला पक्का आहे हो," एवढं बोलून तिनं खिडकीची काच वर केली.

तिनं नेमकं पकडलं होतं. मैदानात जो नुसता गडगडाट वाटला होता, तो इथे मोजूनमापून रचलेला ऐकू येतो. ड्रमचा ठोका आणि गिटारचा आघात एकाच क्षणी पडतात, आणि मध्येच सगळं थांबतं ते थांबणंही ठरवलेलं. शुद्ध डेथ मेटलवाले या अल्बमवर नाक मुरडतील, कारण यात थ्रॅशचा अंश भरपूर आहे. मुरडोत बापडे. मला तर हे कलमच आवडतं.

ऐकणार असाल तर एक करा: मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. त्यावर बास ड्रम जवळजवळ ऐकूच येत नाही, आणि तो गेला की उरते ती नुसती ओरड.