पनवेलचे आसव आणि पिल्झेनची कमान

१/ बाटलीवर कोणते चिन्ह असावे, हा प्रश्न वरवर पाहता व्यापाराचा. पण त्याच्या उत्तरात एखाद्या गावाची स्मृती दडलेली असते. आजच्या चेक प्रजासत्ताकातील पिल्झेन नगरात १८४२ साली सोनेरी, नितळ बिअर तयार झाली. गावावरून तिला 'पिल्सनर' हे नाव पडले. कारखान्याच्या पन्नाशीनिमित्त १८९२ मध्ये उभारलेले दुहेरी कमानीचे प्रवेशद्वार पुढे तिचे बोधचिन्ह झाले.

२/ याच शतकात, १८७२ साली, वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी पनवेलमध्ये आयुर्वेदीय औषधांचा कारखाना सुरू केला. त्याच्या नावात कमान नव्हती, देव होता: श्रीधूतपापेश्वर. राजापूरजवळच्या धोपेश्वर गावी याच नावाचे शिवमंदिर आहे. धूतपापेश्वर म्हणजे पापे धुऊन टाकणारा ईश्वर.

३/ मद्याच्या कथेत हे नाव येण्याचे कारण आसवारिष्टे. अरिष्टासाठी वनस्पतींचा काढा करतात. आसव बहुधा काढा न करताच सिद्ध होते. त्यात गूळ किंवा मध आणि धायटीची फुले घालून भांड्याचे तोंड बंद करतात. आत संधान सुरू होते, म्हणजेच आंबण्याची क्रिया घडते. साखरेचे मद्यार्कात रूपांतर होते आणि तोच मद्यार्क औषध टिकवून धरतो. द्राक्षासव, अशोकारिष्ट, कुमारी आसव ही सारी याच कुळातली. पिल्झेनच्या पिंपात आणि वैद्याच्या भांड्यात निसर्गाचा नियम एकच.

४/ कायद्याची नजर मात्र एक नव्हती. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने ताडी-माडीवर पकड घट्ट केली. १८९२ मध्ये, पिल्झेनची कमान उभी राहिली त्याच वर्षी, ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाच्या फुलांवर स्वतंत्र कायद्याने निर्बंध आले. पनवेल तेव्हा कुलाब्यातच होते. धायटीचे फूल औषधशाळेत मानाने राहिले. आदिवासींच्या अंगणातले मोहाचे फूल संशयित ठरले.

५/ १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने पेच आणखी वाढवला. मद्यार्क असलेले औषध हे औषध की दारू? १९५१ मध्ये बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कायदा बहुतांशी वैध ठरवला. पण मद्यार्कयुक्त औषधांवरची बंदी अवैध ठरवली. पुढच्याच वर्षी दुरुस्ती झाली आणि नशेसाठी वापरण्याजोगी नसलेली औषधे बंदीतून वगळण्यात आली.

६/ मोहाच्या फुलाला असा न्याय मिळण्यास फार काळ लागला. त्याच्या संकलनावरचे आणि साठवणुकीवरचे निर्बंध महाराष्ट्रात उठले ते २०२१ मध्ये. आंबण्याची क्रिया दोन्हीकडे तीच होती. फरक होता तो भांडे कोणाच्या घरी आहे याचा. पिल्झेनला कमान लाभली, पनवेलला देवाचे नाव लाभले. मोहाच्या दारूला मात्र चिन्हही नव्हते आणि तिची बाजू मांडणारा वकीलही नव्हता.