वरणगावची फॅक्टरी आणि खाली ठेवलेली बंदूक

भुसावळहून नागपूरच्या रस्त्याने निघालो की दीपनगरच्या चिमण्या मागे पडतात आणि वरणगाव येते. इथे नुसते ‘फॅक्टरी’ म्हटले तरी पुरते. १९६४ साली सुरू झालेल्या या आयुध निर्माणीत रायफलींची काडतुसे बनतात. २०२१ पासून ती म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आहे. महिन्याचा पगार, राहायला क्वार्टर, मुलांचे शिक्षण. या फॅक्टरीने कितीतरी घरे मार्गी लावली.

गेटावरून जाताना आमच्या मनात आले, काडतूस बनवणाऱ्याच्या घरी चूल पेटते. पण लढाई संपल्यावर बंदूक खाली ठेवणाऱ्याच्या घरी काय?

आपल्या शेजारी नेपाळात हा प्रश्न उभा राहिला. दहा वर्षांचे यादवी युद्ध २००६ च्या कराराने थांबले. युनोचे पथक २००७ ते २०११ तिथे होते. बंदुका लोखंडी कंटेनरमध्ये बंद झाल्या. किल्ली माओवाद्यांकडेच, नजर युनोची. पडताळणीत १९,६०२ लढवय्ये पात्र ठरले, त्यांत जवळपास पाचवा हिस्सा स्त्रिया. पुढे सुमारे चौदाशेच सैन्यात गेले. बहुतेकांनी पाच ते आठ लाख नेपाळी रुपये घेऊन घरचा रस्ता धरला.

आणखी ४,००८ जणांना आधीच वगळले होते. त्यांतले बहुतेक वयाने लहान असताना भरती झालेले. युनोच्या संस्थांनी त्यांना शाळा, हातचे काम, आरोग्यसेवेचे शिक्षण किंवा छोटा धंदा यांची सोय देऊ केली. मदत चांगलीच, पण त्यांच्या माथी शब्द बसला ‘अयोग्य’. तो त्यांना फार लागला. माणसावर मारलेला शिक्का किती जड असतो, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको.

आता आपल्या घरचे पाहू. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी गडचिरोलीत भूपती या माओवादी नेत्याने साठ साथीदारांसह शस्त्रे खाली ठेवली. महाराष्ट्रात आत्मसमर्पणाची योजना २००५ पासून आहे. बक्षिसाची रक्कम खर्चून जाते. उरते ते रोजचे काम, राहायचे घर आणि गावाने दिलेली हाक.

बंधू-भगिनींनो, बंदूक एका दिवसात जमा होते. माणूस गावात परत यायला वर्षे लागतात. त्याला कोणी ‘माजी नक्षली’ न म्हणता नावाने हाक मारली, की तो खरा परत आला असे समजावे.