मनोऱ्याचा पाया

धडगावच्या पलीकडे, सातपुड्यातील एका टेकडीवर बिनतारी संदेशवहनाचा मनोरा उभारण्याच्या कामावर देखरेखीसाठी माझी नेमणूक झाली, तेव्हा एवढ्याशा लोखंडी सांगाड्याला इतके खोल खड्डे कशाला, असा सवाल पाड्याचे कारभारी मला वारंवार करीत. वस्तुतः अशा मनोऱ्याचे वजन ही गौण बाब असते; वारा त्याला एका अंगास रेटू लागला की वाऱ्याकडील पाय जमिनीतून उपटून निघू पाहतात आणि पलीकडचे खाली रुततात, म्हणून पायाने भार पेलायचा तो पेलावाच, परंतु मनोऱ्याला खाली जखडून ठेवण्याचे मुख्य कार्यही त्यालाच करावे लागते. कारभाऱ्यांना हे पटले. मनोरा मात्र त्यांना केव्हाच पटलेला होता, कारण ज्या जिल्ह्यातील टेंभली गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिला आधार क्रमांक देण्यात आला, त्याच जिल्ह्यात त्यांचा रेशन दुकानदार अंगठा घेण्याचे यंत्र हाती धरून रेंजसाठी उंचवटे धुंडाळीत असे.

तयार काँक्रीटची गाडी चांदसैलीचा घाट चढून वेळेत पोहोचेल, हा भरवसा नसल्यामुळे मिक्सर जाग्यावरच लावला होता. माल घट्ट आहे, घमेल्यातून सुटत नाही, अशी मुकादमाची तक्रार सकाळपासून चालू होती.

“साहेब, थोडं पाणी वाढवू द्या, पोरांचे हात भरून आले.”

“माणसं वाढवा, मुकादम, पाणी वाढणार नाही.”

पाण्याने माल सैल होतो खरा, पण ते पाणी पुढे उडून जाते आणि त्याच्या जागी सूक्ष्म छिद्रे राहतात, हे त्यालाही ठाऊक होते. तरी मागण्याचा आपला हक्क त्याने सायंकाळपर्यंत सोडला नाही!

चिमणीत, म्हणजे तळाच्या थरावरून वर येणाऱ्या खांबात, सळयांची दाटी असल्याने तेथे व्हायब्रेटर चालविण्याचे काम एका पावरा तरुणाकडे दिले होते. नीडल तो झटकन उभी खाली सोडी, खालच्या ओल्या थरात थोडी शिरू देई आणि मग अतिशय सावकाश वर ओढी, जेणेकरून तिने केलेले भोक तिच्या मागोमाग भरून यावे. प्रथम मोठे बुडबुडे फुटत, नंतर बारीक. खडी दिसेनाशी होऊन पृष्ठभागावर सिमेंटची तुकतुकी आली आणि यंत्राची घरघर एकसुरी झाली की तो मान हलवून पुढच्या जागी वळे. याहून अधिक वेळ धरल्यास खडी खाली बसते आणि नुसते पाणी वर येते. कमी धरल्यास साचा काढल्यावर बोल्टांभोवती पोळ्यासारखी भोके दिसतात, आणि मनोऱ्याची सारी ओढ तर तेथेच यायची असते.

पोझोलाना सिमेंट असल्याने किमान दहा दिवस गोणपाट ओले ठेवणे प्राप्त होते, आणि होळी तर तोंडावर आलेली. काठी गावच्या होळीस जाऊ नका, असे सांगण्याची माझी प्राज्ञा नव्हती. अखेर मुकादमाने दुप्पट हजेरी कबूल करून दोन वयस्क गडी पाण्यावर ठेवले, आणि तो स्वतः सर्वांच्या आधी पसार झाला.