नवी पेटी

माझ्या अभ्यासिकेतील कपाटावर गेल्या आषाढापासून एक काळी पेटी येऊन बसली आहे. आकाराने ती जुन्या घरांतून असे त्या पानाच्या डब्याहून फारशी मोठी नाही. तिच्या दर्शनी भागावर चार हिरवे दिवे अहोरात्र लुकलुकत असतात. आणि रात्री घर निजले म्हणजे तिच्या पोटातून एक मंद किरकिर ऐकू येते. पहिल्या रात्री तो आवाज ऐकून पत्नीने कपाटामागे उंदीर शिरल्याचा निर्वाळा दिला आणि मला उठविले. "अहो, उंदीर नाही, तर मग हे कुरतडतंय काय?" या तिच्या प्रश्नाला मी मोठ्या ऐटीने उत्तर दिले, की ती पेटी कुरतडीत नसून जपून ठेवीत आहे. आज तो प्रसंग आठवला म्हणजे माझी मलाच लाज वाटते.

जाणती मंडळी या पेटीला 'नॅस' म्हणतात. घरातील सर्वांच्या संगणकांचे आणि फोनांचे एक सामाईक कोठार, एवढी व्याख्या सामान्य माणसाला पुरे आहे. एरवी आपली छायाचित्रे आणि कागदपत्रे आपण एखाद्या परदेशी कंपनीच्या कोठारात भाडे भरून ठेवतो. भाडे थकले की बिऱ्हाड रस्त्यावर! ही पेटी म्हणजे स्वतःच्या मालकीचे घर. आणि स्वतःच्या घराचे जे सुख असते ते, व जो ताप असतो तोही, तिच्याबरोबर चालत येतो. छप्पर गळू लागले तर मालकाच्या नावाने बोटे मोडण्याची सोय उरत नाही.

पेटी घेण्याचे खरे कारण माझी आई. १९९६ सालच्या दिवाळीच्या सुट्टीत मी तिला टेपरेकॉर्डरसमोर बसवून सात कॅसेटी भरल्या होत्या. तिच्या माहेरच्या गोष्टी होत्या, सणावारांच्या रीती होत्या, सहाव्या कॅसेटीत जात्यावरच्या ओव्या होत्या आणि सातवीत पानशेतच्या पुराची हकिगत होती. प्रारंभी ती फार संकोचली. "हे ऐकणार कोण रे?" असे तिने दोनदा विचारले. मग यंत्राचा तिला विसर पडला. २००९ साली ती गेली. त्यानंतर दहा वर्षांनी मी त्या कॅसेटी संगणकावर उतरवून घेतल्या आणि काम झाल्यावर भंगारवाल्याच्या स्वाधीन केल्या. घरातील अडगळ आपण होऊन कमी केल्याबद्दल त्या दिवशी माझे कौतुकही झाले. तेव्हापासून आईचा आवाज माझ्या एका लॅपटॉपवर होता. गेल्या उन्हाळ्यात तो लॅपटॉप सुरू होताना अडखळू लागला, आणि माझ्या पोटात धस्स झाले.

माझा भाचा संगणकाच्या धंद्यात आहे. "मामा, आता तुम्ही एक नॅस घ्याच," असे म्हणून एका रविवारी तो स्क्रू-ड्रायव्हर घेऊनच दाखल झाला. पेटी आली ती रिकामी. ज्यांच्यावर सारे साठवावयाचे त्या हार्ड डिस्क वेगळ्या विकत घ्याव्या लागतात, हे ज्ञान मला पैसे मोजताना झाले. त्याने चार-चार टेराबाइटच्या दोन डिस्क निवडल्या. त्याही दिवसरात्र चालण्यासाठी मुद्दाम बनविलेल्या. १९५६ साली आयबीएम कंपनीने या जातीचे पहिले यंत्र तयार केले, तेव्हा त्यात चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या आणि त्या साऱ्या मिळून पन्नास लाख अक्षरे सामावून घेत. माझ्या तळहातावर मावलेल्या एका डिस्कमध्ये त्याच्या आठ लाख पट मजकूर मावतो. त्या दोन डिस्क भाच्याने टेबलाच्या खणासारख्या पेटीत सरकविल्या, पेटीची तार राउटरला जोडली, आणि संगणकावर तिचा क्रमांक लिहिताच तिचे दार उघडले.

आत शिरताच तिने पहिला प्रश्न विचारला. दोन डिस्क एकीला एक जोडून आठ टेराबाइटचे एक मोठे कोठार करावयाचे, की एकीवर जे उमटेल ते त्याच क्षणी दुसरीवरही उमटवावयाचे? या दुसऱ्या रीतीला आरसा म्हणतात. तीत एक डिस्क निकामी झाली तरी दुसरीवर सर्व काही शाबूत राहते. मात्र पैसे आठांचे आणि जागा चारांची, हा हिशेब माझ्या पुणेरी मनाला प्रथम पटेना. त्यातही पेटीने जागा दाखविली ती ३.६४ एवढीच! भाच्याने खुलासा केला, की कारखानदार हजाराच्या पटीने मोजतो आणि यंत्र एक हजार चोवीसच्या. अशा चार पायऱ्या चढेपर्यंत चारातला एवढा भाग मापातच जिरतो. विकणाऱ्याचे माप आणि घेणाऱ्याचे माप सारखे नसावे ही रूढी तशी जुनीच आहे.

या युक्तीमागचा विचार मात्र मला मनापासून आवडला. १९८८ साली बर्कली येथील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी एक निबंध लिहून 'रेड' हे नाव रूढ केले. एका अवाढव्य आणि महागड्या डिस्कवर विसंबण्याऐवजी पुष्कळशा लहान व स्वस्त डिस्क एकत्र जुंपाव्यात, आणि त्यांतील एखादी बिघडणारच हे धरून चालून तिच्यावाचून काम अडणार नाही अशी तजवीज करावी, असे त्यांचे म्हणणे होते. आरसा हा त्यांनी सांगितलेल्या रचनांतील पहिला प्रकार. वाचताना मला आमच्या जुन्या एकत्र कुटुंबाची आठवण झाली. घरातील एक कर्ता माणूस अंथरुणाला खिळला तरी चूल पेटतच असे. मी आरसा पसंत केला.

पुढचे दोन महिने संसार मांडण्यात गेले. सर्व छायाचित्रे पेटीत उतरावयास एक सबंध रात्र लागली. एका सकाळी पेटीचा पत्ताच लागेना. तेव्हा राउटरने तिला रातोरात दुसरा क्रमांक देऊन टाकल्याचे उघडकीस आले, आणि भाच्याने तो क्रमांक कायमचा बांधून दिला. वीज अचानक गेली तर लिहिता लिहिता पेटीचा हात अर्धवट राहू नये म्हणून यूपीएस आणला. आता वीज गेली की पेटी हातातले काम आवरते आणि निमूटपणे झोपी जाते. महाविद्यालयात मी जमेल त्याला अडवून सांगू लागलो, की माझ्याकडे प्रत्येक गोष्टीच्या दोन प्रती असतात.

गेल्या वसुबारसेच्या दुपारी मी पेटी नीटनेटकी करावयास बसलो. तीत 'आई' आणि 'आई जुने' असे दोन फोल्डर होते. दोन्ही उघडून पाहिले; दोहोंत त्याच नावांच्या त्याच ध्वनिफिती ओळीने दिसल्या. नुसती पुनरुक्ती! विद्यार्थ्यांच्या निबंधातील पुनरुक्तीवर तीस वर्षे लाल शाईने रेघ मारणारा हा हात. त्याने 'आई जुने' पुसून टाकले.

भाऊबीजेला ताई आली. ओवाळून झाल्यावर ती म्हणाली, "आईचा पूर लाव रे." मी लॅपटॉप पुढे ओढला. 'आई' या फोल्डरात पाचच फिती होत्या. आजारी लॅपटॉपवरून पहिली नक्कल करताना ती मध्येच तुटली होती, आणि सातही फिती दुसऱ्या खेपेस 'आई जुने'मध्ये उतरल्या होत्या. तो लॅपटॉप केव्हाच मोडीत गेला होता. ओव्यांची सहावी फीत मी पूर्वी ताईला फोनवर पाठविली होती, ती तिच्याकडे सापडली. सातवी कोठेच नव्हती.

मी भाच्याला फोन केला. आपल्या संगणकावरून पुसलेले काही काळ कचऱ्याच्या टोपलीत तरी पडून असते. परंतु जाळ्यावरून पेटीत जे पुसावे त्याला, पेटीची स्वतःची टोपली आधी चालू केलेली नसल्यास, परतीची वाट नसते. ती टोपली आम्ही चालू केली नव्हती. मोकळ्या झालेल्या जागेवर चार दिवसांत आमच्या दिवाळीची छायाचित्रे येऊन बसली होती. त्याने येऊन पुष्कळ खटपट केली, पण फीत हाती लागली नाही. "पण आपल्याजवळ दोन प्रती होत्या ना?" मी केविलवाण्या स्वरात विचारले. तो म्हणाला, "मामा, तो आरसा आहे. तुम्ही कपाळावरचा टिळा पुसलात, तर आरशातल्या माणसाच्या कपाळावर तो कसा राहील?"

जुन्या पोथ्या हाताळणाऱ्यांना लेखनिकांची एक क्षमायाचना परिचयाची असते. समोरच्या पोथीत जसे दिसले तसे उतरविले. शुद्ध असो की अशुद्ध, त्याचा बोल माझ्याकडे नाही, अशा आशयाचे काही तरी तो शेवटी लिहून मोकळा होतो. माझी पेटी ही त्याच घराण्यातली लेखनिक होती. मी लिहिले ते तिने दोनदा लिहिले. मी पुसले ते तिने दोनदा पुसले. डिस्कच्या मरणापासून ती माझे रक्षण करीत होती. माझ्यापासून करीत नव्हती. त्याच पोथ्यांतून आणखीही एक विनवणी आढळते. तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून मला जपा, आणि मूर्खाच्या हाती देऊ नका, असे पोथी स्वतःच मालकाला विनविते. यांपैकी पाणी आमच्या घरी एकदा येऊन गेले होते. राहिलेला शत्रू या दिवाळीत माझ्या रूपाने आला.

त्या पाण्याचीच हकिगत सातव्या फितीत होती. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचेही टिकले नाही, आणि नदीकाठच्या पेठांतून पाणी शिरले. आईच्या लग्नाला तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. नारायण पेठेत एका वाड्याच्या तळमजल्यावर दोन खोल्यांत ती आणि नाना राहत. नानांची एक लोखंडी ट्रंक पलंगाखाली असे. तीत आजोबांची पत्रे, शेताचे कागद आणि एक हस्तलिखित पोथी होती. ट्रंक दोघांनाही उचलेना. तेव्हा कुलूप नीट लागले आहे ना, एवढे पाहून ती दोघे हाती लागले ते घेऊन उंचावरच्या एका नातेवाइकाकडे गेली. पाणी ओसरल्यावर परत येऊन पाहतात तो ट्रंक जागच्या जागी होती आणि कुलूप शाबूत होते. नानांनी किल्लीने ते उघडले. आत चिखलात कालवलेला कागदाचा लगदा होता. "कुलूप मात्र चांगलं निघालं हो," असे सांगून आई हसे, आणि मग थोडा वेळ काही बोलत नसे. फितीत ती स्तब्धताही होती.

भाऊबीजेच्या त्या रात्री मी पेटीकडे पाहिले, तेव्हा तिचे चारही दिवे हिरवे होते. दिव्यांना डिस्कची प्रकृती कळते; डिस्कवर काय उरले आहे हे कळत नाही. नानांचे कुलूप आणि माझे दिवे यांत मला काडीचाही फरक दिसेना. आपण कुलूप पाहतो आणि ट्रंक जपली असे समजतो.

भाच्याने नंतर मला शहाणपणाचे नियम घालून दिले. पेटीची टोपली चालू झाली. दररोज मध्यरात्री पेटी त्या त्या दिवसाचे एक चित्र राखून ठेवते, म्हणजे आज केलेली चूक उद्या निस्तरता येते. पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने प्रचारात आणलेला तीन-दोन-एकचा नियमही आम्ही स्वीकारला: प्रती तीन असाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांतली एक घराबाहेर असावी. घराबाहेरची प्रत साताऱ्यास ताईच्या कपाटात असते. मी जाताना नवी डिस्क नेतो आणि जुनी परत आणतो. पासवर्ड एका पाकिटात घालून पत्नीच्या दागिन्यांशेजारी ठेवला आहे, कारण उद्या मी नसलो तर हे कोठारही नानांच्या ट्रंकेइतकेच बंद राहील. आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी राखीव प्रतींतून कोणतीही एक फीत काढतो आणि शेवटपर्यंत ऐकतो. भाच्याच्या मते यांतला हा शेवटचा नियम सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी पाळला जाणारा आहे.

सातव्या फितीसाठी मात्र यांतले काहीच उपयोगी नव्हते. तेव्हा मी एक वही घेतली आणि आठवेल तशी पुराची हकिगत लिहून काढली. तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडाली तरी लोकांच्या मुखी ती उरली होती, असे आपली परंपरा सांगते. माझ्या मुखी किती उरले आहे हे मला पाहावयाचे होते. चार संध्याकाळी लागल्या. वही ताईला वाचून दाखविली, तेव्हा तिने मला दुसऱ्याच पानावर थांबविले. "आईने घरातून निघताना कंदील नव्हता घेतला. देव्हाऱ्यातले देव घेतले होते, पदरात बांधून." मी म्हणालो, कंदीलच. ती म्हणाली, देवच. बराच वेळ आमचा वाद झाला, आणि त्या वादात आईची अशी चार-पाच वाक्ये वर आली की जी मी साफ विसरलो होतो. आरसा कधी असा वाद घालीत नाही. वहीत मी दोन्ही लिहून ठेवले आहे.

आई स्वतः कंदिलाविषयी काय म्हणाली होती, ते आता कधीच कळणार नाही.

परवा रात्री पेटी पुन्हा किरकिरू लागली. पत्नी झोपेतच म्हणाली, "अहो, जपतंय की कुरतडतंय?" या वेळी मी उत्तर दिले नाही. उठलो, दिवा लावला, आणि पेटी उघडून पाहावयास बसलो.