नांदत असल्याचा दाखला

मराठीच्या प्राध्यापकाकडे लोक सहसा तीन कामांसाठी येतात : मानपत्र लिहून घ्यायला, बारशाला नाव सुचवून घ्यायला आणि मुलाचा स्पर्धेचा निबंध 'जरा नजरेखालून घालून' घ्यायला. विलायतेच्या गृहखात्याकडे जाणाऱ्या कागदांसाठी माझी कुणाला गरज पडेल, असे मला स्वप्नातही वाटले नव्हते. पण ती पडली, आणि पडली ती माझ्या सख्ख्या भाचीला.

भाची २०२४ च्या सप्टेंबरात एम्. एस्सी. करायला लीड्सला गेली, ती विद्यार्थ्याच्या व्हिसावर. विद्यार्थिदशा आणि गृहस्थाश्रम यांची सरमिसळ आपल्या शास्त्रकारांनी होऊ दिली नसती; पण हल्लीच्या मुलींना वेळ कमी असतो. तिने अभ्यासही केला आणि २०२५ च्या एप्रिलात, ईस्टरच्या सुटीत पुण्याला येऊन लग्नही केले. भाचेजावयांचे घराणे मूळ सांगलीकडचे, जन्म मात्र लेस्टरचा आणि पारपत्र ब्रिटिश. मुलगा सालस आहे. मराठी बोलतो, फक्त लिंगाच्या बाबतीत त्याचे धोरण फार उदार आहे. 'तो खुर्ची' आणि 'ती चहा' हे प्रयोग मी त्याच्याच तोंडून ऐकले. बरे, तो चहा पीतही नाही. इंग्लंडात जन्मून आणि सांगलीचे रक्त अंगात असून चहा न पिणारा हा पहिलाच माणूस माझ्या पाहण्यात आला. माझ्या आईला, म्हणजे भाचीच्या आजीला, ही गोष्ट अजून पटलेली नाही.

लग्न झाले म्हणजे मुलगी नवऱ्याघरची झाली, असे आपण समजतो. ब्रिटिश गृहखाते तसे समजत नाही. अक्षता पडल्या तरी तिकडे ती विद्यार्थिनीच. शिक्षण संपले की पुढे चार महिने, म्हणजे २०२६ च्या जानेवारीच्या मध्यापर्यंत तिची मुदत होती. तेवढ्यात 'विद्यार्थी' हे बिरूद उतरवून 'पत्नी' हे धारण करायचे. पाहुणा म्हणून गेलेल्या माणसाला तिथल्या तिथे असा बदल करता येत नाही, त्याला घरी परतून अर्ज करावा लागतो. विद्यार्थ्याला मात्र तिथे राहून करता येतो. फायदाही मोठा. सत्र चालू असताना विद्यार्थ्याला आठवड्याला वीस तासांपलीकडे नोकरी करता येत नाही. पत्नीला अशी मर्यादा नाही. कायम वास्तव्यासाठी लागणाऱ्या पाच वर्षांचे घड्याळ मात्र नव्याने सुरू होते. विद्यार्थी म्हणून काढलेला काळ त्या पाचांत धरत नाहीत.

मग पैसा. जोडप्याचे वार्षिक उत्पन्न निदान २९,००० पौंड हवे. ११ एप्रिल २०२४ पूर्वी हाच आकडा १८,६०० होता. पगारच नसेल तर ८८,५०० पौंडांची शिल्लक दाखवावी लागते. आमच्या आजोबांनी वर पाहताना एवढी चौकशी केली नव्हती. अर्जाची फी त्या वेळी १,३२१ पौंड, आणि अडीच वर्षांच्या दवापाण्याचा आगाऊ आकार २,५८७ पौंड ५० पेन्स. रुपयांत ही रक्कम साडेचार लाखांच्या वर जाते. हुंडा बंद झाला म्हणतात, तो बहुधा तिकडे गेला असावा.

पण माझे काम पैशाचे नव्हते, शब्दांचे होते. हे लग्न 'जेन्युइन अँड सब्सिस्टिंग' आहे, असे सिद्ध करायचे असते. भाचीने फोनवर विचारले, "मामा, सब्सिस्टिंगला मराठीत काय म्हणतात रे? आजीला सांगायचंय." मी म्हटले, "चालू." लगेच लक्षात आले की 'खरे आणि चालू लग्न' हे काही घरात बोलण्यासारखे नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावर शब्द सापडला : नांदते. नांदते लग्न! इतका नेमका शब्द इंग्रजीत नाही, असा मला क्षणभर अभिमान वाटला. मग वाटले, आपण हे क्रियापद एकट्या सुनेसाठीच राखून ठेवले आहे. सून नांदते, सून नांदत नाही, सुनेला नांदवत नाहीत. नवरा नांदतो, असे कोणी म्हणत नाही. तो नुसता असतो. तिकडच्या कायद्याने निदान ही जबाबदारी दोघांवर टाकली आहे. व्हिसा जरी एकीला हवा असला, तरी नांदणे दोघांचे तपासतात.

आणि तपासतात ते कशावरून? विजेचे बिल, घरपट्टी, बँकेची पत्रे; दोघांच्या नावे एकाच पत्त्यावर आलेले कागद. आमच्याकडे तीनशे माणसांनी अक्षता टाकल्या, अग्नी साक्षीला होता, गुरुजींनी दोन तास घसा कोरडा केला. तिकडे ग्राह्य काय, तर नोंदणीचा दाखला आणि गॅसचे बिल. छायाचित्रेही मागवली होती. त्यांतले सर्वांत चांगले उतरलेले छायाचित्र मंगलाष्टकांच्या वेळचे. त्यात वधूवरांच्या मध्ये जाड अंतरपाट, दोघांची एकमेकांना दृष्टभेट नाही आणि नवरीला अगदी खेटून उभा कोण, तर मी! हे छायाचित्र पाहून तिकडच्या अधिकाऱ्याचा काय ग्रह होईल, या चिंतेने मी त्याखाली आठ ओळींची टीप लिहिली. मामा म्हणजे कोण, हे सांगण्यातच त्यांतल्या पाच गेल्या.

लग्नपत्रिकेचे भाषांतर हे त्याहून अवघड. 'आमचे येथे श्रीकृपेकरून' हे एक वेळ जमते. 'चि. सौ. कां.' या तीन अक्षरांनी मात्र माझा एक रविवार खाल्ला. 'चिरकाल जगो आणि सौभाग्याची आकांक्षा धरणारी' असे जिचे वर्णन, तिचा नवरा जिवंत राहावा यासाठी एवढी तजवीज का, असे अधिकारी विचारील की काय? माझा हा मसुदा पुढे रीतसर पात्र भाषांतरकाराकडे गेला आणि त्याने ती तीन अक्षरे 'मिस' या एका शब्दात गुंडाळली. अर्जासाठी माझे एम्. ए. पुरेसे नव्हते.

हे सगळे मी हसत सांगतो आहे. पण या तपासण्यांचा इतिहास हसण्यासारखा नाही. १९७९ साली हीथ्रोच्या विमानतळावर लग्नासाठी उतरलेल्या एका भारतीय शिक्षिकेची कौमार्यपरीक्षा घेण्यात आली होती. ते वर्तमानपत्रांत आले तेव्हा मोठा गहजब झाला. पुढे, लग्नाचा मुख्य हेतू इंग्लंडात शिरण्याचा नाही, हे अर्जदारानेच सिद्ध करावे असा नियम कितीतरी वर्षे होता. तो १९९७ साली रद्द झाला. त्यापुढे गॅसचे बिल म्हणजे सभ्यपणाच म्हणायचा. खोटी लग्ने लावणारेही असतात, तेव्हा चौकशी नकोच असे मी म्हणणार नाही.

माझी तक्रार वेगळ्याच नियमाबद्दल आहे. जावयाने जूनअखेर नोकरी बदललेली. सहा महिन्यांच्या पगाराच्या पावत्या एकाच मालकाच्या असल्या की काम सोपे जाते, या वकीलबाईंच्या सल्ल्यामुळे अर्ज २०२६ च्या जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात गेला. मुदत संपण्यापूर्वी अर्ज केला असला की निकालापर्यंत तिथे राहता येते. पण त्या अवधीत ब्रिटन, आयर्लंड आणि लगतची काही बेटे एवढ्या टापूबाहेर पाऊल टाकले, तर अर्ज मागे घेतला असे समजतात. आणि आईचे सहस्रचंद्रदर्शन आम्ही फेब्रुवारीत योजले होते.

आईने ते एका वाक्यात निकालात काढले. "पुढं ढकला. हजार पाहिले, आणखी दोनचार पाहीन."

फेब्रुवारीत तिलाच न्यूमोनिया झाला. सहा दिवस इस्पितळात होती. चौथ्या दिवशी रात्री भाचीचा फोन आला. "मामा, मी निघू का? अर्ज गेला तर गेला." मी काही बोलण्याआधीच आईने हात पुढे करून फोन मागून घेतला. नाकात प्राणवायूची नळी. "हे बघ," ती थांबत थांबत म्हणाली, "इथं डॉक्टर आहेत, सून आहे. तू येऊन माझा ताप मोजणार का? ज्या घरी नांदायला गेलीस, तिथलं दार आधी नीट उघडू दे. आणि त्याला म्हणावं, गरम पाणी तरी पीत जा." फोन माझ्या हाती देऊन तिने भिंतीकडे तोंड केले. बऱ्याच वेळाने म्हणाली, "आली असती तर बरं वाटलं असतं." ते फोनवर कसे बोलणार?

लग्न करून पळून जाणारी मुलगी आणि आजारी आजीला पाहायला चार दिवस येऊ पाहणारी मुलगी, यांत ज्या नियमाला फरक कळत नाही, त्याला मी शहाणा म्हणणार नाही. मग तो लिहिणारे कितीही शिकलेले असोत.

आई उठली. अर्जाचा निकाल मार्चमध्ये आला. शिक्का नाही, कार्ड नाही. संगणकाच्या पडद्यावर एक पान. चैत्रात दोघे आली, तेव्हा आईने पारपत्र उलटेपालटे करून पाहिले. "शिक्का कुठाय?" भाचीने फोनवरचे पान दाखवले. समारंभ झाला, एक्याऐंशी दिव्यांनी ओवाळले. संध्याकाळी पाहुणे पांगल्यावर आईने विचारले, "किती दिवसांची परवानगी?"

"तीस महिने, आजी. मग परत अर्ज. पुन्हा तीस."

आई बोटांवर मोजू लागली. ज्येष्ठ अधिक आहे, हे तिने आधी धरले. "म्हणजे एकतीस पौर्णिमा," ती म्हणाली. "मग पुन्हा पत्र लिहायचं का मी?"

कारण त्या अर्जासोबत तिचेही एक पत्र गेले होते. भाषांतर अर्थातच आधी माझे. 'माझी नात व नातजावई सुखाने नांदत आहेत. दर रविवारी दोघे मिळून मला तोंड दाखवतात. तो कांदा चिरतो, ती पोळ्या लाटते. पोळ्या अजून गोल होत नाहीत. त्याला चहा चालत नाही, एवढेच उणे.'

"लिहायचं ना," जावई म्हणाला. "आणि आजी, मी आता ती चहा पितो. सकाळी अर्धा कप."

"तो चहा," मी म्हटले.

"तुला काय करायचंय?" आई माझ्यावरच डाफरली आणि आधण ठेवायला उठली.